पार्लरातली वाफ

"वहिनी, कपडे वाळत घालताय? घाला, फक्त कान इकडे द्या. माझ्या पार्लरवाल्या भाचीला पाचवा महिना लागलाय."

"अगंबाई! मग डोहाळजेवण कधी?"

"ते होईल हो सातव्यात. सध्या घरात वेगळंच धुमसतंय. तिने मालकिणीला सांगितलं, थ्रेडिंग करीन, फेशियल करीन, स्मूदनिंगला उभी राहणार नाही. तर सासूबाई म्हणतात, आम्ही नवव्या महिन्यापर्यंत शेतात राबलो, हिचेच नखरे!"

"त्यांना एकदा स्मूदनिंगला बसवा. मी केलं होतं ना दिराच्या लग्नात. इस्त्री केसांना लागली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी."

"तेच ते फॉर्मॅल्डिहाइड! प्रेतं टिकवायच्या फॉर्मलिनमध्ये असतं ते. क्रीम तापलं की वाफ थेट नाकात. कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या यादीत ते पहिल्या गटात आहे, आणि काही अभ्यासांत गर्भपाताशीही संबंध दिसलाय."

"पण डब्यावर 'फॉर्मॅल्डिहाइड-फ्री' लिहिलं होतं हो, ताई."

"लिहायला काय जातंय? २०११ साली अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने असल्या बाटल्या वापरणारी पार्लरं तपासली, हवेत तेच निघालं. मिथिलीन ग्लायकॉल म्हणून नाव बदलून घालतात मेले. तुम्ही वर्षातून एकदा जाणार; ती रोज वाकलेली असते त्या वाफेवर. एसी चालू म्हणून दार बंद, शेजारच्या टेबलावर नेलपॉलिश, थिनर. पाय सुजतात ते वेगळंच."

"मास्क लावावा की."

"साध्या मास्कने वाफ अडत नाही, वहिनी."

"म्हणजे बाळाला धोकाच म्हणा."

"छे, उगाच घाबरवू नका कुणाला! पार्लरात राबणाऱ्या कितीतरी जणींची बाळं ठणठणीत आहेत. काही पाहण्यांत कमी वजनाची बाळं थोडी जास्त दिसली, काहींत नाही. पण टाळता येतं ते टाळावं ना?"

"मग दुसऱ्या मुलीला द्यावं ते काम."

"आणि तिला दिवस गेले तर? पहिल्या आठवड्यांत कळत तरी का? बाळाचे अवयव तर तेव्हाच घडत असतात. त्यापेक्षा हवा बाहेर फेकणारा पंखा लावा ना सगळ्यांसाठी."

"रजा तरी भरपगारी मिळेल?"

"कुठली! २६ आठवड्यांचा कायदा आहे, पण दुकानात दहा माणसं लागतात. इथे चौघीच."

"कठीण आहे बाई."

"तुम्ही रविवारी तिथेच जाणार ना? मालकिणीला जरा ठणकावून सांगा, पंखा लावल्याशिवाय आम्ही येणार नाही म्हणून. भाचीचं ती ऐकत नाही, गिऱ्हाइकाचं ऐकेल."