भवानी पेठेचे एकदिवसीय पर्यटनशास्त्र

आयर्लंडमध्ये आपल्याकडील जिल्ह्याच्या जागी काउंटी नावाचा विभाग असतो, आणि पडके किल्ले, तळी, मठ व समुद्रकिनारे यांच्या बळावर प्रत्येक काउंटी येणाऱ्याजाणाऱ्याला एका दिवसाच्या सहलीचे आमंत्रण देत असते. तेथील कुटुंबेही रेनकोट चढवून, काहीतरी पाहायचे आहे एवढ्याच कारणावर, सुट्टीच्या दिवशी घराबाहेर पडतात. सोलापूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,८९५ चौरस किलोमीटर, म्हणजे आयर्लंडमधील सर्वांत मोठ्या कॉर्क काउंटीच्या जवळजवळ दुप्पट आहे आणि येथेही किल्ले, तळी व मठ यांचा तुटवडा नाही. समुद्र तेवढा नाही, आणि रेनकोट बहुतेक वर्षी कपाटातच राहतो. तथापि नुसते पाहायला म्हणून जाणे ही कल्पना सोलापूर शहरात तुळजापूर रस्त्याच्या अंगाला पसरलेल्या भवानी पेठेने अद्याप स्वीकारलेली नाही. पेठेत सहलीला सबळ कारण लागते. नवस, जावळ, नव्या गाडीची पूजा, मुलीचे स्थळ, अमावास्या किंवा पुण्याहून आलेला पाहुणा यांपैकी एक तरी कारण हाताशी असल्याखेरीज गाडी ठरत नाही, आणि कारण एकदा मिळाले की पाहण्याची स्थळे वाटेत लागलीच म्हणून पाहिली जातात.

सहलीचे नियोजन आदल्या रात्री होते व त्याचा मुख्य विषय शिदोरी हा असतो. कडक भाकरी, म्हणजे ज्वारीची भाकरी पापडासारखी पातळ करून ओलावा पार निघून जाईपर्यंत भाजलेली, हा या शिदोरीचा पाया होय. ती अनेक दिवस टिकते, त्यामुळे एका दिवसाच्या सहलीला ती नेण्यामागे भूक कमी आणि दूरदृष्टी अधिक असते. तिच्या जोडीला शेंगदाणे, लाल तिखट व लसूण उखळात तेल सुटेपर्यंत कुटून केलेली शेंगा चटणी, धपाटे आणि दही असतेच. वाहनाची निवड मात्र अलीकडे बदलली आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे झाले आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीच्या वर्षापासून प्रवास मोफत होता. परिणामी घरातील आजी, जिला पूर्वी गुडघ्यांच्या कारणावरून घर राखायला ठेवले जाई, ती आता हिशेबात सर्वांत स्वस्त प्रवासी ठरून प्रत्येक सहलीची पहिली मानकरी झाली आहे. पूर्ण भाडे भरणारे घरचे कर्ते पुरुष हे या व्यवस्थेतील चैनीचे सामान होत, आणि घरातील अक्का ही गोष्ट त्यांच्या तोंडावर बोलून दाखवण्यास कचरत नाही.

पेठेचे नैसर्गिक तोंड तुळजापूरकडे आहे. पेठेच्या अंगालाच रूपाभवानीचे देऊळ, त्यापुढे ४५ किलोमीटरवर तुळजाभवानी, आणि मधला सगळा रस्ता म्हणजे पेठेला आपले अंगणच वाटते. दसऱ्यानंतर देवी पलंगावर निद्रा घेते व कोजागरीच्या पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर येते, अशी परंपरा असल्याने त्या सुमारास सोलापुराहून आणि कर्नाटकातूनही हजारो माणसे हे अंतर पायी तोडतात. वाटेवर चहा, केळी व पोहे वाटणाऱ्यांचे मंडप इतके दाट असतात की चालण्याने जितके वजन उतरावे तितके ते उतरू दिले जात नाही. याच वाटेवर १८७१ मध्ये पूर्ण झालेला एकरुख तलाव, जनतेच्या भाषेत हिप्परगा, लागतो. ज्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते आणि पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग शंभरेक किलोमीटरवरच्या उजनी धरणातून जलवाहिनीने आणावा लागतो, तेथील माणसाला भरलेला तलाव हे ताजमहालाच्या तोडीचे दृश्य असते. बंधाऱ्यावर उभे राहून पाणी किती फूट आहे याचा अंदाज प्रत्येक जण सांगतो, आणि तो चुकीचा आहे हे दुसरा प्रत्येक जण सांगतो.

पाण्याचे हे आकर्षण नळदुर्गात कळसाला पोचते. हा किल्ला प्रशासकीयदृष्ट्या धाराशिव जिल्ह्यात असला, तरी हैदराबाद रस्त्याने तासाभरात गाठता येत असल्याने सोलापूरकर तो मनाने केव्हाच जोडून घेऊन बसले आहेत. बोरी नदीवर नळदुर्ग व शेजारचा रणमंडळ किल्ला यांना जोडणारा दगडी बंधारा असून त्याच्या पोटात १६१३ मध्ये, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, पाणीमहाल बांधला गेला. नदीला पूर आला की बंधाऱ्यावरून नर व मादी या नावांचे दोन धबधबे कोसळतात आणि महालात बसलेला माणूस कोरडा राहून समोर पाण्याचा पडदा पाहतो, ही त्याची रचना होय. स्थापत्याच्या अभ्यासकाने येथे भिंतीची जाडी व सांडव्याची उंची न्याहाळावी. पेठेतील प्रवासी मात्र कोरडे राहण्याच्या या चारशे वर्षांच्या तंत्रज्ञानाकडे पाठ फिरवून तुषार अंगावर येतील अशी जागा धरतो आणि भिजलेल्या अवस्थेत फोटो काढून घेतो. फोटोत महाल येत नाही, कारण सगळी मंडळी त्याच्या पुढ्यात उभी असतात. येथे ओझरता उल्लेख करण्याजोगी गोष्ट अशी, की १८५३ नंतर काही वर्षे नळदुर्ग भागाचा कारभार पाहणारा आणि ठगांवरील कादंबरीमुळे गाजलेला इंग्रज अधिकारी फिलिप मेडोज टेलर हा निवृत्तीनंतर आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळ राहायला गेला. आयुष्यभर दख्खनचे ऊन सोसलेल्या माणसाने उरलेल्या दिवसांसाठी पावसाळी बेट निवडावे, यात सोलापूरकराला समजावून सांगण्यासारखे काहीच नाही.

अक्कलकोट, पंढरपूर आणि गाणगापूर यांविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ असले, तरी ते बहुतेकांचे लिहून झाले आहे. स्वामी समर्थ १८५७ मध्ये अक्कलकोटला आले व १८७८ मध्ये तेथेच समाधिस्थ झाले, हे पेठेत लहान मूलही सांगते. त्याच गावी संस्थानिकांच्या राजवाड्यात जुन्या शस्त्रांचा मोठा संग्रह आहे, हे मात्र मोठ्यांनाही आठवून सांगावे लागते, कारण अन्नछत्रातील महाप्रसादानंतर तलवारी पाहण्याची उमेद उरत नाही. पंढरपुरात दर्शनाची रांग आटोपल्यावर मुलांना कैकाडी महाराजांच्या मठात नेण्याचा प्रघात आहे. भुयारासारख्या वळणावळणांच्या वाटेने संत, देव आणि पुराणपुरुष यांचे पुतळे मांडलेल्या या वास्तूत एक काका हमखास चुकतात व बाहेर आल्यावर आपण मुद्दामच मागे राहिलो होतो असे सांगतात.

निसर्गदर्शनाचा विचार करता नान्नजचे माळढोक अभयारण्य अग्रस्थानी येते, आणि विनोदाच्या दृष्टीनेही ते मागे नाही. माळढोक हा गवताळ माळावर राहणारा, उडणाऱ्या पक्ष्यांत जगातील अत्यंत वजनदार मानला जाणारा पक्षी. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन १५ किलोपर्यंत जाते आणि मादी सामान्यतः एका विणीत एकच अंडे घालते. त्याच्या रक्षणासाठी १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे, म्हणजे अख्ख्या कॉर्क काउंटीपेक्षा मोठे. सोलापूर व शेजारच्या, तेव्हाच्या अहमदनगर या दोन जिल्ह्यांतील गावे, शेते, बाजारपेठा व रस्ते त्यात आल्यामुळे असंख्य नागरिक आपल्या नकळत वन्यजीव अधिवासात नांदू लागले आणि घरामागे खोली बांधतानाही एका लाजाळू पक्ष्याचा विचार करण्याची पाळी आली. पुढे हे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. दरम्यान माळाचा ऱ्हास होत गेला आणि माळढोकांची संख्या घसरत जाऊन बोटांवर मोजण्याइतकीही उरली नाही. ही गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्याची नाही.

तरीही पेठेतून नान्नजला जाणे होते, कारण बार्शीच्या पाहुण्यांकडे जाताना ते वाटेत पडते. निरीक्षण मनोऱ्यावर सात माणसे, एक दुर्बीण आणि सातही जणांची एकाच वेळी सुरू असलेली कुजबुज, अशा स्थितीत काळविटांचे कळप मात्र पुरेपूर दिसतात. मावशी काळवीट पाहूनच तृप्त होते व हाच तो पक्षी का, असे विचारत नाही, एवढे सौजन्य दाखवते. घरच्या अण्णांना मात्र दूरच्या गवतात मान हलताना दिसते. "गेला बे, आत्ताच गेला, पाठमोरा होता," असे ते ठामपणे सांगतात, आणि दुर्बीण त्या क्षणी दुसऱ्याच्या हातात होती हा आक्षेप घरी परतेपर्यंत कोणी घेत नाही.

डिसेंबर-जानेवारीत या सर्व स्थळांवर मात करणारे आकर्षण म्हणजे हुरडा. ज्वारीचे कणीस दाणा भरल्यावर, पण वाळण्याआधी खुडून आगटीत, म्हणजे शेतात खड्डा करून गोवऱ्या पेटवलेल्या निखाऱ्यात भाजतात आणि गरम असतानाच तळहातावर चोळून दाणे मोकळे करतात. गूळभेंडी व कुची कुची या हुरड्याच्या खास जाती असून त्यांची नावे उच्चारतानाच जाणकाराच्या चेहऱ्यावर पांडित्य पसरते. चोळणारा एक आणि खाणारे सहा असा या उद्योगाचा अर्थशास्त्रीय पाया आहे. चोळणाऱ्याचे तळवे काळे होऊन भाजतात, फुंकर मारल्याने कूस समोरच्याच्या डोळ्यांत जाते, आणि "पुरे आता" असे म्हणणाऱ्याची ओंजळ तशीच पुढे असते. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहे हे ज्ञान येथे हमखास वाटले जाते. अलीकडे शहराभोवतीच्या शेतांवर पैसे घेऊन हुरड्याची सहल घडवणारी केंद्रे निघाली असून तेथे बैलगाडीत फेरी मारायला मिळते. ज्यांच्या वडिलांनी बैलगाडी सुटावी म्हणून शहर गाठले, त्यांची मुले आता या फेरीसाठी रांग लावतात.

शहरातील स्थळांचा प्रश्न वेगळा आहे, कारण ती पाहुण्याविना पाहताच येत नाहीत. भुईकोट किल्ला, तलावातील सिद्धेश्वराचे देऊळ आणि भैय्या चौकातील डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे घर ही रोजच्या रस्त्यावरची ठिकाणे होत. १९१० मध्ये सोलापुरात जन्मून चिनी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ मध्ये वारलेल्या या डॉक्टरांच्या स्मारकाला चीनहून शिष्टमंडळे येतात. पेठेतून तेथे पोचायला रिक्षाने फार वेळ लागत नाही, आणि बहुधा म्हणूनच कोणी पोचत नाही. जानेवारीतील सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला मात्र निमंत्रण लागत नाही. सात नंदीध्वजांची, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्यांची मिरवणूक, अक्षता सोहळा, आणि भाकणूक, म्हणजे वासराच्या हालचालींवरून पाऊसपाणी व बाजारभाव यांचे अनुमान काढण्याचा विधी, हे सर्व पाहून झाल्यावर आकाशपाळण्यात बसून वरून आपले घर ओळखण्याचा प्रयत्न प्रत्येक पिढीने केला आहे.

शहराबाहेर, माचणूरला भीमेकाठी औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ अशी चार वर्षे होती. पेठेतील मंडळी तेथे वीस मिनिटांत सिद्धेश्वराचे दर्शन, नदीघाट आणि किल्ल्याचा बुरूज उरकतात, यावरून नियोजन कोणाचे सरस हे उघड आहे. भीमा व सीना यांच्या संगमावरील हत्तरसंग कुडल येथे मात्र गाडी रेंगाळते. संगमेश्वराच्या मंडपातील तुळईवर शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख असून शिलालेखांचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो प्रकाशात आणला. आद्य मराठी शिलालेखाच्या मानासाठी अलिबागजवळच्या अक्षीच्या लेखाशी त्याची स्पर्धा आहे. जो हे वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाचा त्याचा शेवट आहे. मान वर करून, डोळे बारीक करून मंडळी ती अक्षरे न्याहाळतात, आजी तुळईला हात जोडते, आणि विजय पुढच्या वेळेवर ढकलून सारे जण शेजारच्या हरिहरेश्वराकडे वळतात. उत्खननात सापडलेल्या तेथील बहुमुखी शिवलिंगावर ३५९ मुखे कोरलेली आहेत, असे समजताच अण्णा ती मोजायला घेतात. मागच्या बाजूने मोजणाऱ्या भाच्याचा आकडा कमी भरतो, अक्काचा जास्त. एकाने मूळ लिंगच धरले नाही, दुसऱ्याने एक रांग दोनदा धरली, असे आरोप होतात, आणि जवळचा पुजारी कोणाचीच बाजू घेत नाही. डबे उघडून कडक भाकरी मोडेपर्यंत हा वाद चालतो. शेवटी पुढल्या खेपेस खडू आणून मोजावे, असे कोणीतरी सुचवते, त्यावर देवाला खडू लावणार काय असे मावशी विचारते, आणि मग पुढल्या खेपेची तारीख, अमावास्या किंवा नवस यांची चौकशी न करता, तिथल्या तिथे ठरून जाते.