चित्र कोणाचं, ते तरी लिहा

प्रदर्शनात चित्राखाली जी चिठ्ठी लावतात, तिच्याबद्दल मला तक्रार करायची आहे. तक्रार लहान आहे, हे मान्य. चाकणमध्ये राहणाऱ्या माणसाने तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकबद्दल बोलावं, अशीच सगळ्यांची अपेक्षा असते. पण चौकाबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. चिठ्ठीबद्दल कोणीच बोलत नाही.

ही चिठ्ठी कशी तयार होते ते सांगतो. ए-फोर कागदावर आठ-दहा चिठ्ठ्या एकत्र टाइप करतात, झेरॉक्स काढतात, कात्रीने कापतात आणि चित्राच्या खाली उजव्या बाजूला टेपने चिकटवतात. कापताना एखादीची शेवटची ओळ जाते. अक्षर इतकं बारीक की वाकावं लागतं, आणि वाकलं की आपलीच सावली चिठ्ठीवर पडते. एवढं करून वाचायला मिळतं ते असं: ‘निसर्गचित्र. जलरंग. १५ बाय २२ इंच.’ चित्रात निसर्ग आहे हे दिसतंच आहे. तो कुठला, कोणत्या साली काढला, कोणी काढला? त्यासाठी चिठ्ठीच्या कोपऱ्यात ‘३४’ असा आकडा असतो. आकड्यांची यादी दाराजवळच्या टेबलावर ठेवलेली असते. ती एकच असते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोणीतरी ती घडी घालून घरी नेलेली असते. टेबलावरच्या मुलाला विचारलं तर तो म्हणतो, ‘सर जेवायला गेलेत, त्यांना माहीत असेल.’

दालनाचं नाव लिहीत नाही. पिंपरी-चिंचवडपासून खेड-राजगुरुनगरपर्यंतच्या पट्ट्यात मी जिथे जिथे स्थानिक चित्रकारांची प्रदर्शनं पाहिली, तिथे कमी-अधिक हेच पाहिलं. एकट्या दालनाला बोल लावून उपयोग नाही. शिवाय ही माणसं स्वतःचा वेळ घालून प्रदर्शन भरवतात, वर्गणी काढतात, खिळे-दोऱ्या आणतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, आणि म्हणूनच एवढीशी गोष्ट राहून जाते याचा राग येतो.

या प्रदर्शनांत चित्रं मांडणारी माणसं कोण असतात ते बघा. एटीडी करून झेडपीच्या नाहीतर संस्थेच्या शाळेत चित्रकला शिकवणारे मास्तर. पुण्यात जी. डी. आर्ट करून आलेली आणि आता लग्नांच्या स्टेजची डिझाइन करणारी मुलं. फ्लेक्स आल्यावर ब्रश खाली ठेवावा लागलेले बोर्ड पेंटर. म्हाळुंगे, निघोजे, कुरुळीच्या कंपन्यांमध्ये शिफ्ट करून रात्री घरी रंगवणारे कामगार. यांतल्या बहुतेकांवर वर्तमानपत्रात कधी चार ओळी येत नाहीत. त्यांचं नाव चार लोकांसमोर लिहिलं जाण्याची जागा एकच, ती चिठ्ठी.

एक चित्र सांगतो. मागच्या एका प्रदर्शनात दाराच्या आडोशाला, स्विचबोर्डच्या शेजारी, बैलगाडा शर्यतीचं जलरंगातलं चित्र होतं. बैलांच्या शर्यतीची चित्रं आमच्याकडे ढिगाने असतात. फोटोवरून काढलेली, बैल हवेत उडणारे. हे तसं नव्हतं. घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या मार्गाच्या, शेवटच्या टप्प्यावरची बारी, म्हणजे गाड्याची एक धाव, होती. बैलांपुढे पळणाऱ्या घोडीचा फक्त मागचा खूर आणि शेपूट कागदात आलं होतं, बाकी घोडी कागदाबाहेर गेलेली. उजव्या बैलाने मान आत घेतली होती आणि त्याच्या डोळ्याचा पांढरा भाग दिसत होता. जोडीदार पुढे ओढायला लागला की बैल असाच बघतो. धुरळा रंगवलेलाच नव्हता. तिथे कागद कोरा सोडला होता आणि त्या कोऱ्या जागेच्या कडेने पाणी फिरवून गुलालाचा फिकट डाग येऊ दिला होता. लोकांची गर्दी चार-पाच फटकाऱ्यांत, फक्त टोप्या. हे काढणाऱ्याने घाटात उभं राहून बारी पाहिलेली आहे यात मला शंका नाही.

चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘बैलगाडा. जलरंग.’ साल नव्हतं.

साल का हवं? २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यती बंद झाल्या. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने परवानगी दिली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा उचलून धरला. मधली सात वर्षं खेड, जुन्नर, मावळातल्या घाटांत बारी पळत नव्हती. दावणीचे बैल नुसते सांभाळावे लागले, कित्येकांनी विकले. हे चित्र त्या सात वर्षांतलं असेल, तर ते आठवणीतून काढलेलं आहे आणि त्या कोऱ्या सोडलेल्या धुरळ्याकडे मी वेगळ्या नजरेने बघेन. २०२२ नंतरचं असेल, तर तो माणूस पुन्हा घाटात जाऊन उभा राहिला आणि घरी येऊन रंगवायला बसला. दोन्ही गोष्टी मोठ्या आहेत. त्यांतली कोणती खरी, हे चार आकड्यांनी कळलं असतं.

सही शोधली. उजव्या कोपऱ्यात सहीची शेवटची वेलांटी दिसत होती, बाकीची फ्रेमवाल्याने पट्टीखाली घातली होती. फ्रेमवाल्यालाही माझं सांगणं आहे, की माउंट कापताना सही सोडून कापावा.

आमच्या कारखान्यात साधा ब्रॅकेटसुद्धा टॅगशिवाय लाइनवर जात नाही. पार्ट नंबर, बॅच, तारीख, तपासणाऱ्याची सही, सगळं त्यावर असतं. टॅग निघून पडला तर पार्ट चांगला असूनही लाल बिनमध्ये जातो, कारण तो कुठून आला हे सांगता येत नाही. हे काम करणारी शेकडो माणसं या प्रदर्शनांच्या गावांत राहतात. त्यांतलीच काही प्रदर्शनाच्या समितीतही असतात. ब्रॅकेटला जी शिस्त लावतो, ती चित्राला लावायला आपल्याला काय अडचण आहे?

आणि ही शिस्त आपल्या भागाला परकी नाही. तळेगावच्या पुढे, कार्ल्याच्या लेण्यांजवळ मळवलीला राजा रविवर्म्यांचा छापखाना होता. १८९४ मध्ये तो मुंबईत गिरगावात सुरू झाला आणि काही वर्षांतच मळवलीला आला. आपल्या आज्या-पणज्यांच्या देवघरातली लक्ष्मी आणि सरस्वती तिथल्या शिळाछाप यंत्रांवर निघाली. एकेका रंगासाठी वेगळा दगड, आणि प्रत्येक दगडावर हाताने काम. त्या छापील चित्राच्या खालच्या पांढऱ्या कडेवर बारीक अक्षरात छापखान्याचं नाव आणि कार्ला-लोणावळा हे ठिकाण असे. म्हणून आज जुन्या बाजारात असं चित्र हाती आलं, तर ते कुठून निघालं हे शाळकरी पोरगंही वाचून सांगेल. दगडावर काम करणाऱ्या कारागिरांची नावं मात्र त्या कडेवर येत नव्हती. ती बहुतेक सगळी गेली. १९७२ मध्ये छापखान्याला आग लागली, आणि मागे राहिली ती लिहिलेली नावं. चिठ्ठीबद्दल माझा हट्ट का आहे, ते या छापखान्याकडे बघून समजावं.

कोल्हापूरचं बघा. आबालाल रहिमान छत्रपती शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार. महाराज १९२२ मध्ये गेल्यावर त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थ तलावात टाकली, असं कोल्हापुरात सांगतात. स्वतः आबालाल १९३१ मध्ये गेले. तरीही आज आबालाल कोण हे कोल्हापुरात समजावून सांगावं लागत नाही, कारण उरलेली चित्रं त्यांच्या नावानिशी जपली गेली. अभिनेते चंद्रकांत मांढरे पावडर शेडिंगने निसर्गचित्रं काढत. त्यांनी राजारामपुरीतलं राहतं घर चित्रांसह सरकारला दिलं आणि तिथे त्यांच्या नावाचं संग्रहालय झालं. साताऱ्याकडे औंधला भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर संग्रहालय बांधलं. लहान संस्थानाचा राजा, पण त्या इमारतीत रविवर्म्याची चित्रं आहेत, मराठी चित्रकारांची आहेत, हेन्री मूरचं माय-लेकराचं दगडी शिल्पही आहे. औंधला जायला आजही वाट वाकडी करावी लागते. लोक ती करतात, कारण तिथे कोणाचं काय आहे हे माहीत असतं.

आमच्याकडे नावं लिहिण्याची हौस नाही असं मात्र म्हणता येणार नाही. दालनाबाहेरचा फ्लेक्स दहा फुटी असतो. त्यावर उद्घाटकांचा फोटो, प्रमुख पाहुण्यांचा फोटो, मार्गदर्शक, निमंत्रक, सहनिमंत्रक, शुभेच्छुक, सगळ्यांची नावं उपाध्यांसकट आणि शुद्ध असतात. चित्रकारांसाठी खाली एक ओळ असते, ‘पंचक्रोशीतील नामवंत चित्रकार’. नामवंत, आणि नाव नाही. उद्घाटनाला शाल-श्रीफळ द्यायला व्यासपीठावर इतकी माणसं चढतात की ज्यांची चित्रं आहेत ते मागच्या रांगेत, खुर्च्यांच्या थप्पीला टेकून उभे असतात. एका बाईंनी पहिल्यांदाच चित्र लावलं होतं. घरच्यांना घेऊन आल्या होत्या. त्यांच्या चित्रासमोर ध्वनिवर्धकाचा मोठा डबा ठेवला होता. त्या कोणाला काही बोलल्या नाहीत. कार्यक्रम संपेपर्यंत थांबल्या, डबा उचलल्यावर सासूबाईंना चित्र दाखवलं आणि गेल्या. ते मला अजून सलतं.

वेळेचंही बोलायला हवं. प्रदर्शन सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा, शुक्रवार ते रविवार. आमच्या पट्ट्यात कित्येक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे इथे राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पहिल्या पाळीचा माणूस दुपारी साडेतीनला सुटतो, कंपनीच्या बसने चौकाचौकातून घरी पोचेपर्यंत पाच वाजतात. हातपाय धुऊन, पोरांना घेऊन निघाला तर दालनाचं शटर अर्धं खाली आलेलं असतं. ज्यांच्या शेजाऱ्यांनी, ज्यांच्या बरोबर काम करणाऱ्यांनी ही चित्रं काढली, तेच बघू शकत नाहीत. एक गुरुवार धरा आणि एक दिवस रात्री नऊपर्यंत उघडं ठेवा. वॉचमनला त्या दिवसाचे जास्तीचे पैसे लागतील. ते शालींच्या खर्चातून सहज निघतील.

शेवटचा दिवस तर लिहूच नये असा. पत्रिकेवर सहापर्यंत म्हटलेलं असतं आणि दुपारी तीनलाच चित्रं उतरवायला लागतात, कारण टेंपो आलेला असतो. आपण एका भिंतीवरचं चित्र बघत असतो आणि समोरच्या भिंतीवरची वर्तमानपत्रात गुंडाळली जात असतात.

उजेड आणि उंचीचं थोडक्यात सांगतो, कारण ते सुधारायला एक दुपार पुरते. चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच ते पाच फुटांवर यावा, हा दालनांचा सर्वसाधारण प्रघात आहे. आमच्याकडे भिंतीतला खिळा जिथे आहे तिथे चित्र येतं. जलरंगावर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड नको, असं संग्रहालयं सांभाळणारे सांगतात. आमच्याकडे जलरंग पश्चिमेच्या खिडकीसमोर लागतात. तीन दिवसांत चित्र फिकं पडणार नाही हे खरं, पण चारनंतर काचेत खिडकीच दिसते, चित्र दिसत नाही.

अभिप्रायाच्या वहीत लोक ‘अप्रतिम’, ‘खूप सुंदर’, ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ असं लिहितात. मी लोकांना दोष देत नाही. कोणाचं काय बघितलं हेच माहीत नसेल, तर माणूस याहून वेगळं काय लिहिणार? ‘तुमच्या बैलाचा डोळा बरोबर आहे’ हे मला लिहायचं होतं. ते कोणाला उद्देशून लिहू?

२०१३ मध्ये ‘शिल्पकार चरित्रकोशा’चा दृश्यकला खंड निघाला. सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेल्या या खंडात महाराष्ट्रातल्या चित्रकार-शिल्पकारांची चरित्रं एकत्र आली. अशा कामाला कागद लागतो, म्हणजे कोणी कधी कुठे काय मांडलं याची यादी, पत्रिका, एखादं माहितीपत्रक. पुढे कधी कोणी खेड तालुक्यातल्या, मावळातल्या चित्रकारांवर लिहायला बसला, तर त्याच्या हाती आमच्याकडून काय लागेल? फ्लेक्सचा फोटो लागेल. त्यातून आमदार-नगरसेवक कोण होते ते कळेल.

म्हणून समितीला मी पत्र लिहिलं आहे आणि तेच इथे मांडतो. चिठ्ठी पोस्टकार्डाएवढी असावी, जाड कागदाची. त्यावर चित्रकाराचं पूर्ण नाव, गाव, चित्राचं शीर्षक, काढल्याचं साल, माध्यम, एवढं ठसठशीत अक्षरात असावं. जागेचं चित्र असेल तर जागेचं नाव, म्हणजे भीमाशंकरचं रान की आळंदीचा घाट की चाकणच्या संग्रामदुर्गाचा पडका बुरूज. नाव चित्रकाराला दाखवून शुद्ध करून घ्यावं. यादीच्या वीस प्रती काढाव्यात, आणि एक प्रत गावच्या वाचनालयात तारखेसह ठेवावी. पुढच्या प्रदर्शनाच्या चिठ्ठ्या मी स्वतः हाताने लिहून द्यायला तयार आहे, माझं अक्षर चांगलं आहे आणि मजुरी नको. चित्रांची यादी चार दिवस आधी मिळावी. आणि बैलगाडा ज्याने काढला आहे त्याचं नाव-गाव समितीतल्या कोणाला माहीत असेल, तर ते मला कळवावं.