दहावा माणूस

डोंबिवली एमआयडीसीत नाहीतर ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये कुठल्याही छोट्या गाळ्यात शिरा आणि मालकाला विचारा, "माणसं किती?" उत्तर येतं, नऊ. लेथवर चौघं, ड्रिलवर दोघं, पॅकिंगला तिघी, बाहेर टेम्पोत खोकी चढवणारे आणखी दोघं असं मोजत आपण अकरावर पोचलेले असतो. शेठ शांतपणे सांगतात, "ते दोघं भाचे आहेत. सुट्टीत आलेत." फेब्रुवारीत कसली सुट्टी, हे विचारायचं नसतं.

छोट्या कारखान्यांची पीएफ-ईएसआयसीची चलानं भरणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे नऊ या आकड्याबद्दल मला आदर आहे. दहावा माणूस मस्टरवर चढला की कारखान्याला कर्मचारी राज्य विमा योजना लागू होते, आणि पुढे माणसं घटून चार उरली तरी सुटत नाही. दहावा माणूस एकटा येत नाही, सोबत 1948 साल घेऊन येतो.

या योजनेचं मूळ एका आडारकरांकडे जातं. 1943 साली प्रा. बी. पी. आडारकरांवर कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम सोपवलं गेलं, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. आंबेडकरांकडे होतं. 1944 मध्ये अहवाल आला, 1948 मध्ये कायदा झाला आणि 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूरला नेहरूंनी योजना सुरू केली. आमच्या शेठना मात्र ती कालच, खास त्यांच्यासाठी काढल्यासारखी वाटते.

आणि पैसे किती? जुलै 2019 पासून मालकाचे सव्वातीन टक्के आणि कामगाराचा पाऊण टक्का. अठरा हजार पगारावर शेठचे 585 रुपये, कामगाराचे 135. त्यात कामगारासह बायकामुलांचं औषधपाणी, आजारपणात 91 दिवसांपर्यंत सत्तर टक्के पगार, बाईमाणसाला 26 आठवड्यांची बाळंतपणाची रजा. बाहेर एवढ्या पैशांत असा विमा कोणी दारात उभं राहून देणार नाही. मी हे दर वर्षी सांगतो. शेठ दर वर्षी म्हणतात, "पैशाचा प्रश्न नाही हो."

आता इतक्या वर्षांनी मला पटलंय की ते खरं बोलतात.

कारण हेच शेठ हेल्परच्या मुलाला डेंग्यू झाला तेव्हा रात्री अकराला कल्याणच्या खाजगी हॉस्पिटलात डिपॉझिटचे तीस हजार भरून आले होते. ते पैसे 'उचल' म्हणून वहीत लागले, महिन्याला हजार कापायचे ठरले, दिवाळीला उरलेले सोडून दिले. तीस हजारांत 585 किती वेळा बसतात, हा हिशेब त्यांनी केला नाही. मी केला, पण तोंडावर बोललो नाही. त्या तीस हजारांबरोबर गाळ्यात एक गोष्ट येते, जी चलानाबरोबर येत नाही. हेल्परची आई गावाहून येताना तांदूळ घेऊन येते, शेठच्या पाया पडते. सव्वातीन टक्क्यांना आजवर कोणी नमस्कार केलेला नाही. शेठना द्यायचं असतंच, पण हातातून हातात. सरकारच्या पोर्टलवरून दिलं की उपकाराचा हक्क होतो, आणि हक्काला कोणी तांदूळ आणत नाही.

हे दुखणं काही आपल्याकडचंच नाही. 1911 मध्ये इंग्लंडात अर्थमंत्री लॉइड जॉर्जने सक्तीचा विमा आणला. नोकराच्या कार्डावर दर आठवड्याला तिकीट चिकटवायचं होतं. लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये मालकिणी आणि त्यांच्या मोलकरणी मिळून निषेधाला जमल्या. आम्ही तिकिटं चाटणार नाही, आमच्यातला जिव्हाळा कायदा बिघडवतो, असा एकूण सूर. मोलकरणींना मालकिणींनी रजा देऊन आणलं होतं की कामावर आहेत असं समजून, ते मला ठाऊक नाही. पण वागळे इस्टेटच्या कुठल्याही असोसिएशनच्या बैठकीत त्या बायका सहज खपल्या असत्या.

कामगारही मालकाला साथ देतो, हे कबूल केलं पाहिजे. "साहेब, ते कापू नका, हातात द्या." दवाखान्यात नंबर लावायचा तर अर्धा रोज जातो, त्यापेक्षा नाक्यावरच्या डॉक्टरचं इंजेक्शन बरं, हे त्याचं गणित. त्याच्या बाजूने ते चूक नाही. योजना कितीही चांगली असो, रांग लांब असली की माणूस रांगच लक्षात ठेवतो. बायकोचं ऑपरेशन निघालं की मग गणित फिरतं. या विम्यासाठी पगाराची मर्यादा 2017 पासून एकवीस हजारांवर गोठलेली आहे. त्यावर गेलं की विमा गेला. एका कारखान्यात शेठ खुशीत येऊन सुपरवायझरला साडेएकवीस करत होते, तर तो हात जोडून म्हणाला, "मालक, यंदा वाढ नको." शेठना आयुष्यात पहिल्यांदाच असा कामगार भेटला. ते आठवडाभर सगळ्यांना सांगत होते, मात्र कारण न सांगता.

सगळ्यात जास्त वाद होतो तो प्रवासावरून. 2010 च्या दुरुस्तीनंतर घरून कामावर येता-जाताना झालेला अपघातही नोकरीतलाच धरता येतो. "लोकल माझी आहे का?" शेठ विचारतात. नाही. पण सकाळी आठची शिफ्ट त्यांची असते. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ वळणावर लोकलच्या दारात लटकलेली माणसं पडली, त्यानंतर काही दिवस हा प्रश्न कोणी विचारला नाही.

मालकांची एक तक्रार मात्र मला पूर्ण मान्य आहे. टाळेबंदीत, 15 एप्रिल 2020 ला केंद्राने उद्योग सुरू करायच्या नियमावलीत कामगारांचा वैद्यकीय विमा सक्तीचा केला. शटर बंद, ऑर्डर नाही, आणि विमा काढा! काहींनी तेव्हा घाबरून सामूहिक पॉलिसी घेतली आणि पुढे चालू ठेवली. सप्टेंबर 2025 मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, सामूहिकवर अठरा टक्के तसाच राहिला. स्वतःची काळजी करमुक्त, दुसऱ्याची करपात्र. यावर मी चहा पाजून विषय बदलतो.

आणि आता नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कायद्याच्या जागी नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. दहापेक्षा कमी माणसं असली तरी राजीखुशीने सामील होता येतं, आणि सरकारने ठरवलेल्या धोक्याच्या कामात एका माणसालाही विमा सक्तीचा. डोंबिवलीत 2016 आणि 2024 या दोन्ही वर्षांच्या मे महिन्यांत कारखान्यांतल्या स्फोटांनी ज्यांच्या खिडक्यांच्या काचा गेल्या, त्यांना 'धोक्याचं काम' म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

परवा पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या काकूंना हे सांगितलं. नऊ बायका लाटतात, दहावी काकू स्वतः. पहाटे चारला गॅस पेटवतात, गुडघे गेलेत.

"म्हणजे या नऊजणींना मिळेल?"

"मिळेल."

"आणि मला?"

"तुम्ही मालक. मालकाला नाही."

काकू जरा गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "केंद्र सुनेच्या नावावर केलं, आणि मी तिच्याकडे लाटायला राहिले तर?"

"कागदावर बसवता येईल. पगार एकवीस हजारांच्या आत धरावा लागेल."

"तेवढा ती देणारच नाही," काकू म्हणाल्या, "त्याची काळजी नको."