मेलेलं बी पाहुणं, जिवंत बी चोर

जनुकीय बदल केलेला, तणनाशक पचवणारा चारा आपल्याकडे आणावा की नाही, यावर शहाण्यांचा काथ्याकूट चालू आहे. चालू द्या. हिंगोलीच्या म्हशीला घाई नाही. तिचं जेवण केव्हाच सुरू झालंय.

2002 साली जनुकीय बदल केलेल्या बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्याच्या सरकीचं तेल माणसांनी घेतलं, पेंड दावणीला गेली. हिंगोलीतल्या सेनगाव-कळमनुरीची जनावरं तेव्हापासून ती चघळतायत. (तेल कोणाच्या कढईत गेलं, हे सणासुदीला विचारू नये.)

मग कोंबड्यांचं खाद्य महागलं. ऑगस्ट 2021 मध्ये केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या 12 लाख टन पेंडीच्या आयातीला मुभा दिली. पेंडीत जिवंत काही नसतं, सबब पर्यावरणाला धोका नाही, असा निर्वाळाही मिळाला. वसमतच्या शेतकऱ्याने तेच बी जिवंतपणी मातीत टाकलं, तर मात्र गुन्हा! त्या महिन्याच्या सुरुवातीला दहा हजारांवर गेलेला सोयाबीनचा भाव नवं पीक येईस्तोवर जवळपास निम्म्यावर आला. सगळा दोष पेंडीचा नव्हता, पण तिचा पायगुण बाजाराने पाहिला.

त्याआधी, जून 2019 मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने तणनाशक सोसणारा, बिनपरवान्याचा कापूस दिवसाढवळ्या पेरला. बाकीचे रात्री आणतात. या ‘चोर बीटी’ला बिल नसतं, उगवलं नाही तर तक्रार कोणाकडे करणार? 2022 मध्ये तर फर्मान निघालं की ग्लायफोसेट हे तणनाशक फक्त परवानाधारक कीडनियंत्रकाने फवारावं. म्हणजे शहरात झुरळं मारणारा गडी औंढ्याच्या धुऱ्यावर येणार. आम्ही चहा ठेवून वाट बघतोय.

आता खरी अडचण. खुरपायला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही, ही शेतकऱ्याची ओरड खोटी नाही. पण ज्याला तो तण म्हणतो, त्याचाच भारा डोक्यावर घेऊन खुरपणारी बाई संध्याकाळी घरी जाते. तिच्या शेळीचा चारा तोच. तणनाशकाने तण जळालं की मजुरीही गेली आणि भाराही. चाऱ्याच्या चर्चेत तिला कोणी बोलावलेलं नाही.

तेव्हा काथ्याकूट करणाऱ्या मायबाप शहाण्यांना विनंती, पुढची बैठक सेनगावला घ्या. ऐन खुरपणीत, भर दुपारी, धुऱ्यावर. प्रवासभत्ता तुम्हाला मिळतोच. त्या बाईचा बुडालेला रोज तेवढा इतिवृत्तात मंजूर करून टाका.