शून्याची राखण

एमआयडीसीतल्या बऱ्याच कारखान्यांच्या गेटवर एक फलक असतो: ‘अपघाताविना दिवस’. खालचा आकडा रोज एकाने वाढतो. पगारवाढ रखडते, बढती रखडते, हा आकडा मात्र कुणासाठी थांबत नाही. हळूहळू सगळा कारखाना त्याचीच राखण करू लागतो.

1948 च्या फॅक्टरी अ‍ॅक्टाने एक रेघ आखून दिली: दुखापतीमुळे माणूस 48 तास काम करू शकला नाही, तर अपघात सरकारला कळवायचा. रेघ आली की तिच्या अलीकडे उभं राहण्याची कलाही आली. प्रेसमध्ये बोट चेमटलेल्या ऑपरेटरला दुसऱ्या दिवशी न्यायला चक्क कंपनीची गाडी दारात येते. एसी ऑफिसात खुर्ची, समोर चहा आणि शाबूत हाताने चाळायला एक जुनी फाईल. याला ‘लाइट ड्यूटी’ म्हणतात. माणूस हजर, दिवस भरला, फलक शाबूत. सुखाची नोकरी म्हणतात ती हीच असावी, अशी त्या बिचाऱ्याला शंका येते.

मग येतात ‘निअर मिस’, म्हणजे थोडक्यात हुकलेले अपघात. अमेरिकेतल्या विमा कंपनीत काम करणाऱ्या हाइनरिखने 1931 मध्ये मांडलं, की एका मोठ्या दुखापतीमागे 29 किरकोळ दुखापती आणि 300 बिनइजेच्या घटना असतात. या गणितावर पुढे पुष्कळ शंका घेतल्या गेल्या, पण व्यवस्थापनाला त्यातून कोटा सुचला. दर खात्याने महिन्याला इतके निअर मिस द्यायचे! महिनाअखेरीला कॅन्टीनसमोर पाणी सांडतं आणि तेच पाणी तीन खात्यांच्या रजिस्टरांत वाहतं. क्रेनचा वायर रोप खरोखर तुटला तर मात्र कुणी लिहीत नाही. लिहिलं की चौकशी लागते.

हे हसण्यावारी नेता येतं, नेहमी नाही. 20 एप्रिल 2010 ला मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहिरीच्या तराफ्यावर बडे अधिकारी आले होते. दुखापतीपायी एकही दिवस वाया न जाता सात वर्षं झाली, याचं कौतुक करायला. त्याच रात्री विहीर उसळली, स्फोट झाला, 11 माणसं गेली. घसरून पडणाऱ्यांचा हिशेब चोख होता. पण विहिरीतला दाब त्या हिशेबात कुठे बसतो?

आपल्याकडे शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या कंपन्यांना काम बुडवणाऱ्या दुखापतींचा दर आता सेबीच्या अहवालात द्यावा लागतो, दर दहा लाख मनुष्यतासांमागे. मला कुणी तपासायला पाठवलंच, तर मी अहवाल बाजूला ठेवून स्टोअरकीपरला गाठेन. महिन्याला किती बँडेजं गेली, बर्नॉलच्या किती ट्यूबा संपल्या? त्याला फलकाशी देणंघेणं नसतं. ऑडिटरला एकेका ट्यूबेचा हिशेब द्यायचा म्हणून तो सगळं तारीखवार लिहून ठेवतो, आणि मागितलं की पुढ्यात टाकून म्हणतो, “साहेब, जरा हळू वापरायला सांगा की लोकांना!”