आप्पांचा हंगाम

कोल्हापुरात फुटबॉलचे दोन हंगाम असतात. पहिला राजर्षी शाहू स्टेडियमवर होतो. थंडीत केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, लीग सुरू होते, मग एकामागून एक चषक लागतात, आणि वळवाच्या पावसानं मैदानाचा राडा केला की पंच शिट्टी खिशात घालतात. दुसरा हंगाम तिथून पुढं. त्यात पोरं खेळत नाहीत, आप्पा खेळतात.

आप्पा म्हणजे कोण, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. प्रत्येक पेठेत एक आप्पा असतोच. कुठं त्याला वस्ताद म्हणतात, कुठं मामा, कुठं नुसतंच अण्णा. आमच्या आप्पांची तालीम कोणती, ते मात्र मी लिहिणार नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण, फुलेवाडी, यांतलं एक नाव घेतलं तर बाकीच्या पेठा हा मजकूर वाचायच्या नाहीत, आणि ज्या पेठेचं नाव घेतलं तिथं मला राहता यायचं नाही.

बाहेरगावच्या वाचकासाठी एवढंच सांगतो, की इथले नामांकित संघ कुठल्या कंपनीचे किंवा शेठजींचे नाहीत, तालमींचे आहेत. ज्या तालमींत लाल मातीत जोर-बैठका निघाल्या, त्यांनीच पुढं फुटबॉलचे संघ उभे केले. त्यामुळं आपण कुणाचे समर्थक, हा प्रश्नच माणसाला पडत नाही. ज्या बोळात पाळणा हलला, ती तालीम. सून मात्र लग्नानंतर तालीम बदलते आणि सासर-माहेरचा सामना लागला की दिवसभर स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात आपटतात.

हंगाम संपल्यावर आप्पा आधी काही दिवस बोलतच नाहीत. पेपरचं क्रीडा पान उलटं करून ठेवतात. काकू शेजारणीला सांगतात, "सुतक हाय आमच्यात, सेमी फायनलचं." मग एका रात्री जेवण झाल्यावर आप्पा गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर येतात. तिथं म्हशी उभ्याच असतात. समोर धार काढून फेसासकट ग्लास हातात येतो. आप्पा अर्धा ग्लास एका दमात रिकामा करतात, मिशीवरचा फेस पुसतात आणि म्हणतात, "मी काय बोलायचा न्हाई."

ही सलामीची किक. यानंतर दीड तास दुसऱ्या कुणाला चेंडू मिळत नाही.

आप्पांचं म्हणणं थोडक्यात असं, की आपण हरलो नाही, आपल्याला घालवलं. कुणी? कोचनं. सामना बरोबरीत होता, आपली पोरं चढून खेळत होती, आणि नेमका त्या वेळी कोचनं लेफ्ट बॅक बदलला. तिथनं सगळं फिसकटलं, टायब्रेकर लागला आणि आपण गेलो. हा बदल सामन्याच्या कितव्या मिनिटाला झाला, हा इतिहासाचा मोठा विषय आहे. मे महिन्यात आप्पा म्हणत होते, शेवटची दहा मिनिटं राहिली होती. गणपतीपर्यंत तो बदल उत्तरार्धाच्या सुरुवातीला सरकला. दिवाळीच्या फराळाला बसलो तेव्हा तो पूर्वार्धात झालेला होता आणि आपण त्या वेळी एका गोलनं पुढं होतो.

नुसतं तोंडानं सांगून आप्पांचं भागत नाही. कट्ट्यावर मैदान मांडावं लागतं. दुधाचा रिकामा ग्लास म्हणजे आपला किपर. माझा मोबाइल स्टॉपर. कुणाची तरी गाडीची किल्ली लेफ्ट बॅक. समोरच्यांचा दांडगा सेंटर फॉरवर्ड म्हणून हेल्मेटच लागतं, त्याहून कमी आकार आप्पांना पटत नाही. शेंगदाणा म्हणजे बॉल. "आता बघ, ह्यो इकडनं आला. हितं किल्ली पायजे हुती. किल्ली कुठं हाय? बाहेर! बसवलीया!" एवढ्यात दूधवाल्याचं पोरगं येऊन रिकामे ग्लास गोळा करून नेतं. आप्पा त्याच्या पाठीमागं ओरडतात, "आरं, किपर नेलास की रं!" आणि या गोंधळात कुणीतरी बॉल खाऊन टाकतो.

आप्पांची भाषा जुन्या वळणाची. त्यांच्या संघात अजून राईट आऊट, लेफ्ट इन आणि सेंटर हाफ खेळतात. पुतण्या इंजिनिअर, रात्री जागून इंग्लंडची लीग बघणारा, मँचेस्टर युनायटेडचा. तो हाय प्रेस, फॉल्स नाईन असलं काही बोलू लागला की आप्पा त्याच्याकडं असं बघतात, जसं एखाद्यानं तांबड्या रश्श्यात साखर घातलीय. पण 2024-25 च्या हंगामात युनायटेड लीगमध्ये पंधराव्या नंबरवर राहिली, वर बिलबाओत युरोपा लीगची फायनल टॉटनहॅमकडून एका गोलनं हरली, तेव्हा पुतण्याही कट्ट्यावर सुतकी चेहऱ्यानं येऊन बसला. आप्पांना त्याचा फार कळवळा आला. नव्या कोचनं मागं तीनच बॅक ठेवले होते असं कळल्यावर तर त्यांनी कपाळावर हात मारला. "चार आसताना पडत हुते, तीन ठेवून काय दिवं लावनार?"

पुतण्यानं कोचची बाजू घेतली. म्हणाला, "आप्पा, वेळ द्यावा लागतो. फर्ग्युसन 1986 च्या नोव्हेंबरात आला आणि पहिली लीग जिंकली 1993 ला."

"म्हंजे किती वर्सं?"

"साडेसहा."

"साडेसहा वर्सांत आपल्या तालमीचं तीन अध्यक्ष बदलत्यात," आप्पा म्हणाले, आणि वाद तिथंच संपला.

खरी अडचण वेगळी आहे. लंडन-मँचेस्टरच्या माणसाला कोचला शिव्या देणं सोपं. तो कोच त्याच्या दारावरून दूध घेऊन जात नाही. आमचा कोच तालमीच्या मागच्या बोळात राहतो, आणि आप्पांच्या चुलत बहिणीचा मुलगा लागतो. दिवसभर नोकरी करतो, पहाटे उजाडायच्या आत पोरांना पळवतो आणि त्याबद्दल त्याला जे मिळतं ते मानधन म्हणायलाही आप्पांसारखा मनाचा मोठेपणा लागतो. त्याची गाडी कट्ट्याकडं वळताना दिसली की आप्पांचं वाक्य मधेच दिशा बदलतं. "...म्हनून सांगतो, ह्या मानसाला बुद्धीच... बुधवारी वळीव लागनार म्हनं! ये, ये मास्तर. दूध घे. आरं, पैसं मी देतो, तू गप्प बस." कोच दूध पितो, आईची तब्येत सांगतो, जातो. गाडीचा लाल दिवा कोपऱ्यावरून दिसेनासा होतो आणि आप्पा तोडलेलं वाक्य जोडतात, "...बुद्धीच न्हाई."

कोच हे सगळं ओळखून असतो. मला तर वाटतं, तो मुद्दाम रोज येतो.

नव्या हंगामाची खेळाडू नोंदणी जवळ आली की आप्पांच्या आवाजाला वेगळीच धार चढते. परदेशी खेळाडूंच्या बाबतीत ते तत्त्वाचे पक्के आहेत. "भाईरची पोरं बंद. आपली पोरं काय मेली काय?" हे तत्त्व दरवर्षी कट्ट्यावर एकमतानं मंजूर होतं. पण मागे एका वर्षी तालमीनं आफ्रिकेतला एक उंचापुरा स्टॉपर आणला. पोरगं तालमीशेजारच्या खोलीत राहायचं, चार दिवसांत "काय भावा" म्हणायला शिकलं, आणि काकूंच्या हातचा पांढरा रस्सा त्याला इतका आवडला की रविवारी वाटी घेऊन तोच दारात हजर. तेव्हापासून आप्पांच्या ठरावाला एक पुरवणी जोडलेली आहे: "भाईरची पोरं बंद. ह्याला सोडून. ह्यो आपलाच हाय."

त्याउलट पेठेतलं पोरगं दुसऱ्या तालमीकडं सही करून गेलं की मात्र कठीण. नाव घ्यायचं नाही. त्याचा बाप कट्ट्यावर असला तर आप्पा पलीकडच्या बाजूला बसतात. मग लीगमध्ये त्याच पोरानं आपल्याच विरुद्ध डीच्या बाहेरून वरच्या कोपऱ्यात गोल मारला. गॅलरीत आमच्या बाजूला स्मशानकळा. आप्पा खाली मान घालून बसले होते. थोड्या वेळानं त्यांनी त्या पोराच्या बापाला शोधलं, दोन पायऱ्या चढून त्याच्या शेजारी गेले आणि दात-ओठ खात म्हणाले, "गोल आमच्यावर झाला. पन शॉट आपल्या बोळातला हाय." सामनावीराचं बक्षीस त्या पोराला मिळालं तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत आप्पा होते, मी बघतोय म्हटल्यावर त्यांनी हातावरची माती झटकल्यासारखं केलं.

मोठं झालेल्या पोरावर तर अख्ख्या गावाचा हक्क. अनिकेत जाधव 2017 ला भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याला लहानपणी पहिला पास आपण दिला असं सांगणारे लोक मोजले तर स्टेडियम भरेल. आप्पा तेवढं खोटं बोलत नाहीत. ते म्हणतात, "मी फकस्त बघितलं हुतं. आनि म्हटलं हुतं."

"मी तवाच म्हटलं हुतं" हे त्यांचं आवडतं वाक्य दोन्ही बाजूंनी वापरता येतं, जुन्या सदऱ्यासारखं. 2022 च्या विश्वचषकात अर्जेंटिना पहिलाच सामना सौदी अरेबियाकडून 2-1 हरली. आप्पांच्या माडीवर अर्जेंटिनाचा झेंडा. ते खाली येऊन म्हणाले, "हाकला त्या कोचला, आजच्या आज. मी तवाच म्हटलं हुतं." 18 डिसेंबरला तोच स्कालोनी पेनल्टीवर फ्रान्सला हरवून जगज्जेता झाला. पेठेत फटाके वाजले, आप्पांनी स्वतः माळ लावली आणि धुरातून ओरडले, "कोच बघितलास? मी तवाच म्हटलं हुतं!"

सुनील छेत्रीच्या पुनरागमनानं त्यांना असाच जोर आला. 2024 च्या जूनमध्ये निवृत्त झालेला माणूस पुढच्या मार्चमध्ये परत आला, चाळिसाव्या वर्षी, आणि मालदीवविरुद्ध गोल मारून मोकळा झाला. झालं! आप्पांनी तालमीचा एकेकाळचा सेंटर फॉरवर्ड परत आणायचा प्रस्ताव मांडला. हा गृहस्थ आता पानाची टपरी चालवतो, आणि टपरीत शिरताना त्याला कडेनं शिरावं लागतं.

"आप्पा, मला जिना चढवत न्हाई," तो कळवळून म्हणाला.

"तुला पळाय कोन सांगतंय? तू फकस्त डीत हुभा ऱ्हा. सेंटर बराबर तुझ्या डोक्यावर येतोय."

आप्पा स्वतः काय खेळायचे, हा प्रश्न पेठेत कुणी विचारत नाही. तालमीत एक जुना फोटो आहे, चषक जिंकलेल्या संघाचा. मधे चषक, बाजूला अकरा जण छाती काढून. अगदी कडेला, अर्धा चौकटीबाहेर, एक किडकिडीत पोरगा, हातात पाण्याची कळशी. आप्पा नव्या पोरांना तो फोटो दाखवतात आणि म्हणतात, "ह्या टीममधी हुतो मी." पोरं मान डोलावतात. थोरामोठ्यांनी त्यांना आधीच बजावून ठेवलेलं असतं, की कळशीबद्दल बोलायचं नाही.

तो लेफ्ट बॅक, ज्याच्या नावानं हा सगळा शंख चालतो, त्याचा गुडघा त्याच सेमी फायनलमध्ये गेला होता. म्हणूनच कोचनं त्याला बाहेर घेतलं होतं. आप्पांना हे पक्कं माहीत आहे. ऑपरेशनला दवाखान्यात रात्री बसायला तेच होते, आणि पुढं कितीतरी दिवस त्यांच्याच घरचा डबा जात होता. डबा पोचवून तसेच कट्ट्यावर यायचे आणि विचारायचे, "लेफ्ट ब्याक काढलाच का, एवढं मला सांगा."

शेवटी कोचनंच एका रात्री डाव टाकला. दुधाचा ग्लास खाली ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "आप्पा, पुढच्या हंगामाचं अकरा तुम्ही लिहून द्या. तुम्ही म्हणाल तसं खेळवतो."

आप्पांनी चष्मा लावला. कुणीतरी लग्नपत्रिका दिली, तिच्या कोऱ्या बाजूवर किपरपासून लिहायला घेतलं. प्रत्येक नावाबरोबर पोराचं घराणं, बापाची उंची, आज्याचा दम यांची उजळणी होत होती. बऱ्याच वेळानं पुतण्यानं कागद ओढून मोजलं. "आप्पा, तेरा झाल्यात."

आप्पांनी पेन परत उघडलं. पहिलं नाव खोडायला गेले, तर त्या पोराचा बाप समोरच बसलेला, आणि आजच्या दुधाचे पैसे त्यानंच दिलेले. दुसऱ्यापाशी थांबले, त्याच्या आईनं आदल्याच दिवशी काकूंना चटणी कुटून दिली होती. पेन फिरत फिरत लेफ्ट बॅकवर आलं. सगळा कट्टा श्वास धरून होता.

"ह्याला नको," आप्पा म्हणाले. "गुडघा आत्ता कुठं बरा झालाय. मनाला लागंल पोराच्या."

"मग मी काय करू?" कोचनं विचारलं.

आप्पांनी पत्रिकेची घडी घातली आणि त्याच्या खिशात कोंबली. "तेरा आसू देत. त्यातलं दोन तू काढ. कोच कशाला ठेवलाय तुला?"