पोस्टमास्तर

आमच्या गल्लीत एक पोस्टमास्तर राहतात. पोस्टात त्यांनी एक दिवसही नोकरी केलेली नाही. पण मेल सर्व्हर चालवणाऱ्याला 'पोस्टमास्टर' नावाचा पत्ता ठेवावाच लागतो, असा इंटरनेटचा नियम आहे. तो त्यांनी एकदा चहाच्या टपरीवर समजावून सांगितला आणि नाव चिकटलं. आता म्हाताऱ्या बाया त्यांच्याकडं पगाराच्या मनीऑर्डरी विचारायला येतात.

सर्व्हर म्हणजे ज्वारीच्या कणगीशेजारी ठेवलेला, पोट उघडं टाकलेला जुना कॉम्प्युटर. जीमेलचं खातं पोस्टमास्तरांना भाड्याच्या खोलीसारखं वाटतं. "आपलं घर असावं माणसाला," म्हणतात.

सुरुवात सेंडमेलनं झाली. बर्कलीच्या एरिक ऑलमनचा हा मेल पोचवणारा प्रोग्रॅम. त्याची सेटिंगची फाइल मोडीतल्या जुन्या वतनपत्रासारखी. पोस्टमास्तरांनी त्यावरचं हजारावर पानांचं पुस्तक मागवलं, तर मुखपृष्ठावर वटवाघूळ! आईनं ते देवघराच्या खोलीत येऊ दिलं नाही. पुढं क्यूमेल झालं, एक्झिम झालं. वित्से वेनेमांचं पोस्टफिक्स (1998 सालचं) तर तीनदा आलं नि दोनदा गेलं.

"सेंडमेल काढलं म्हणता, मग मशीनवर ही सेंडमेल नावाची फाइल कशी?" मी एकदा विचारलं.

"बाकीचे प्रोग्रॅम वर्षानुवर्षं त्याच नावानं हाक मारतात ना! म्हणून आत कुणी का असेना, पाटी सेंडमेलचीच. आपल्याकडं पाळी बदलली की पुजारी बदलतो. भक्त कधी 'उदो उदो' बदलतो का?"

बदलीचा मुहूर्तही ठरलेला. भाद्रपद वद्य अष्टमीला तुळजाभवानी घोरनिद्रेसाठी पलंगावर गेली, की यांचा सर्व्हर बंद. देवी सिंहासनावरून उठते, तर आपलं मशीन का जागं राहावं? घटस्थापनेला दोन्ही पुन्हा सुरू. देवीचं वेळेवर होतं.

एका वर्षी जुनं बंद करायच्या आधीच त्यांनी नवं सुरू केलं. मेल घ्यायचं दार एकच, पोर्ट 25. तिथं जुनं बसलेलं, नवं उंबऱ्यावर आपटून माघारी. दुसऱ्या वर्षी जुनं सेंडमेल आठवणीनं बंद केलं, पण त्याच्याकडं साठलेल्या पत्रांची रांग रिकामी करायची राहिली. प्रत्येकाची रांग वेगळी, एकाची पत्रं दुसरा बघत नाही. पुढं कधीतरी सेंडमेल पुन्हा चालू केलं, तेव्हा त्यानं इमानदारीनं साठलेलं पत्र सोलापूरच्या मेहुणीला पोचवलं: 'बारशाला सहकुटुंब येतो.' बाळ तोवर बालवाडीत होतं.

कुठला प्रोग्रॅम घ्यावा हे मात्र ते कुणा इंजिनिअरला विचारत नाहीत. तुळजाभवानीच्या देवळात चिंतामणीचा गोल दगड आहे. दोन्ही हात ठेवून मनात प्रश्न धरायचा. उजवीकडं फिरला तर हो, डावीकडं फिरला तर नाही, जागचा हलला नाही तर काम होईल पण उशिरा. मागच्या खेपेला मीही सोबत होतो. दगड जागचा हलेना. मागं रांग खोळंबली, आणि पोस्टमास्तरांचा चेहरा उजळला.

"अहो, हे तर एसएमटीपी!" ते जवळजवळ ओरडलेच. "मेल धाडला की समोरचा सर्व्हर दोनशेच्या घरातला आकडा देतो, म्हणजे घेतलं. पाचशेच्या घरातला, म्हणजे नाही घेत. चारशेच्या घरातला, म्हणजे थांब, नंतर ये. आमच्या पूर्वजांनी…"

मागच्या बाईंनी त्यांना कोपरानं सरकवलं. हा पाचशेच्या घरातला जबाब होता.

रोज रात्री जेवण झालं की ते रांग बघतात. पडद्यावर येतं, 'मेल क्यू इज एम्प्टी'. घटकाभर खूश असतात, मग जरा उदास होतात. घरात चौघांची खाती, पैकी तिघं व्हॉट्सॲपवर. 'उद्या डब्याला काय?' हा मेल त्यांनी बायकोला धाडला, त्याचं उत्तर भिंतीपलीकडून आलं: "शेपू!" नेमानं लिहिणारा एकटा सर्व्हरच. रोज पहाटे तो आपली ख्यालीखुशाली कळवतो आणि हे ती चष्मा लावून, ओठ हलवत वाचतात.

तेव्हा त्यांना मेल पाठवलात, तर फोन करून तेवढं सांगा. आणि घोरनिद्रेच्या दिवसांत पाठवूच नका.